ससाणेबाई आणि बंद शब्द

काउंटरवर जाहिरात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ससाणेबाई एकच शब्द सांगत, "वाचा." माणूस मनातल्या मनात वाचू लागला की पुढचा शब्द येई, "मोठ्यानं." मग तो सावेडीतला डॉक्टर असो, भिंगारचा कापडवाला असो की नागापूरच्या एमआयडीसीतला कारखानदार; रांगेतल्या सगळ्यांसमोर उभं राहून त्याला स्वतःची जाहिरात स्वतःच्या तोंडानं वाचावी लागे. तोपर्यंत बाई पेनाचं टोपणही काढत नसत. वाचून झालं की कागद आपल्याकडे वळवून घेत, एखाद्या शब्दावर बोट ठेवत आणि विचारत, "म्हणजे काय?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना नीट दिसत नसावं. दुपारपर्यंत कळलं की त्यांना सगळ्यांत चांगलं दिसतं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नगरच्या एका स्थानिक दैनिकात मी छोट्या जाहिरातींच्या विभागात लागले होते. विभाग म्हणजे माळीवाड्याच्या बाजूला तळमजल्यावर एक लाकडी काउंटर, त्यावर काच, मागे दोन खुर्च्या, एक फोन आणि त्यामागे संगणकावर मजकूर जुळवायची डीटीपीची खोली. एका खुर्चीवर बाई, दुसरीवर मी. डीटीपीच्या खोलीत म्हस्के नावाचे ऑपरेटर बसत. ते आमच्याकडून कागद घेत आणि आमच्या चुका परत आणून देत.

बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. ठेंगण्या, पदर खांद्यावर पिनेनं पक्का, चष्म्याला दोरी. लग्न केलं नव्हतं. भिंगारला भावाच्या कुटुंबाबरोबर राहत आणि सिटी बसनं येत. वडील लष्कराच्या डेपोत शिंपी होते. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांपैकी त्यांचं घर. वडिलांबद्दल त्या फारसं बोलत नसत, पण डेपोतली एक गोष्ट अनेकदा सांगत. तिथं पेटी उघडायच्या आधी वरचं लिहिलेलं वाचायचे. "आत ब्लँकेट आणि वर बूट, असं चालायचं नाही. पेटीवर जे लिहिलंय तेच आत पाहिजे." जाहिरात ही त्यांच्या लेखी पेटीच होती.

काउंटरच्या काचेखाली एक टाइप केलेला कागद होता. त्याला आम्ही बंद शब्दांची यादी म्हणत असू. डाव्या रकान्यावर 'चालणार नाही' आणि उजव्या रकान्यावर 'त्याऐवजी' असं लिहिलेलं होतं. काही शब्द कायद्यानंच बंद होते. काही, पेपरच्या मालकांना एकदा वकिलाची नोटीस आली म्हणून बंद झाले होते. बाकीचे बाईंनी स्वतः बंद केलेले. 'पळून गेली' याऐवजी 'घरातून न सांगता गेली'. 'विधवा' याऐवजी 'पती हयात नाहीत'. 'वेडा, वेडसर' याऐवजी 'प्रकृतीने नाजूक'. 'हमखास'पुढे उजवीकडे नुसती रेघ होती, म्हणजे त्याला पर्यायच नाही. मला याद्या आवडतात. आजही घरात किराणा, बँक, औषधं यांच्या याद्या वेगवेगळ्या टाचणीला असतात. ही यादी मी पहिल्याच आठवड्यात पाठ केली. बाईंना डावा रकाना आवश्यक वाटे. अभिमान उजव्याचा होता. एकेका शब्दाला शोभेल असा पर्याय शोधायला त्यांना आठवडे लागले होते.

'हमखास'चा वापर सगळ्यांत जास्त करणारे एक वैद्य होते. श्रीरामपूर, कोपरगाव, नगर अशी त्यांची फेरी असे. मंगळवारी ते बसस्थानकाजवळच्या एका लॉजवर बसत आणि त्याआधी जाहिरात द्यायला येत. त्यातला मधुमेह कायद्यानं बंद म्हणून आधीच गेला होता, मूळव्याध उरली होती. त्यापुढे 'हमखास गुण'.

"हमखास म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे गुण येतोच, बाई."

"सगळ्यांना?"

"आता सगळ्यांना म्हणजे, पथ्य पाळलं तर."

"मग ज्यांना नाही आला ते कुठं राहतात तेही टाका. लोक दोघांना भेटून ठरवतील."

रांग हसली. वैद्यांनी शब्द खोडला. पुढच्या आठवड्यात ते 'जवळजवळ हमखास' घेऊन आले, त्यापुढच्या आठवड्यात 'हमखाससारखा'. शेवटी थकून त्यांनी 'अनुभव घेऊन पाहा' असं लिहिलं. बाईंनी टोपण काढलं आणि म्हणाल्या, "हे बसतं. अनुभव ज्याचा त्यानं घ्यावा."

आज मी नागापूरच्या शेती अवजारांच्या एका कारखान्याचं मार्केटिंग सांभाळते. इंटरनेटवर लोक काही शोधतात तेव्हा आमची जाहिरात वर यावी, यासाठी मजकूर भरायचा असतो. तिथंही बंद शब्द आहेत. मजकूर मशीनला पटला नाही तर जाहिरात परत येते. सोबत एक ओळ असते, आणि त्या ओळीतून नेमका कुठला शब्द खटकला ते कळत नाही. आमच्या ऑफिसातली मुलं मग संशयित शब्दाच्या मध्ये टिंब घालतात, अक्षरं सुटी करतात. थोड्या वेळानं जाहिरात पुन्हा परत येते. त्यांना वाटतं, हा खेळ नवा आहे. मला ते वैद्य आठवतात.

फरक एवढाच की तिथं 'म्हणजे काय?' असं विचारणारं कोणी नाही.

या प्रश्नाची धार काय होती, ते मी एकदा जवळून पाहिलं. सावेडीतले एक गृहस्थ दोन खोल्या भाड्यानं देण्याची जाहिरात घेऊन आले. त्यांनी मोठ्यानं वाचलं, 'सुसंस्कृत कुटुंबास भाड्याने देणे आहे.' बाईंचं बोट 'सुसंस्कृत'वर गेलं. म्हणजे काय? म्हणजे चांगली माणसं, ते म्हणाले. चांगली म्हणजे? गृहस्थ काउंटरवरच्या नावाच्या पाटीकडे पाहू लागले. पाटीवर 'कु. श. रा. ससाणे' असं होतं. ते वाचून झाल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हाला कळतंय, बाई."

"मला कळलं. रांगेला नाही कळलं. मोठ्यानं सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. शब्द कापला गेला आणि जाहिरात नुसती 'कुटुंबास' अशी छापून आली. बाईंनी त्यांना पावती नेहमीसारखीच दिली, शिक्का नेहमीसारखाच मारला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "शब्द कापला म्हणून कुणाला खोली मिळत नाही, मंगल. पण माझ्या हातून छापून गेलं नाही, एवढंच."

त्या स्वतःच्या कामाचं माप असं अचूक घेत. जास्त नाही, कमी नाही. म्हणूनच कौसाबाईच्या वेळी जे झालं ते त्यांना इतकं लागलं.

त्याआधी 'वेडसर' हा शब्द का बंद झाला ते सांगायला हवं. मी लागण्यापूर्वीची गोष्ट. जामखेड रस्त्याकडच्या एका घरातला मुलगा हरवला आणि घरच्यांनी दिलेल्या जाहिरातीत 'वेडसर' असं छापलं गेलं. कुठल्याशा गावातल्या पोरांनी त्याला त्या वर्णनावरून ओळखलं, टेम्पोत घातलं आणि हातपाय बांधून आमच्या ऑफिसच्या दारात आणलं. पेपरातच वेडा लिहिलंय म्हटल्यावर बांधायला नको का, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आपण चांगलं काम केल्याचा आनंद होता. बाईंनी स्वतः खाली बसून दोऱ्या सोडल्या. मनगटं सोललेली होती. दुसऱ्या दिवशी तो शब्द डाव्या रकान्यात गेला आणि बऱ्याच विचारानंतर त्याच्यासमोर 'प्रकृतीने नाजूक' आलं.

कौसाबाई आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस. ती पाथर्डीकडची, कोरडवाहू गावातली. नवरा, ती आणि मोठा मुलगा अंबादास अशी तिघं दर वर्षी मुकादमाच्या ट्रकमधून कारखान्यावर जात. त्या वर्षी टोळीनं वाटेत शिर्डीला दर्शनासाठी ट्रक थांबवला आणि तिथल्या गर्दीत अंबादास सुटला. पोलिसांत सांगून झालं होतं, देवळाजवळच्या धर्मशाळा पाहून झाल्या होत्या. कोणीतरी तिला नगरला जाऊन पेपरात द्यायला सांगितलं. फोटो नव्हता. घरात एक होता तो कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात अंबादास पाठमोरा. नवरा टोळीबरोबर पुढं गेला होता, कारण एकाचं पोर हरवलं म्हणून टोळी थांबत नाही. तिलाही मुकादमानं पुढच्या आठवडी बाजारापर्यंतच मोकळीक दिली होती. त्यानंतर तिनं फडावर हजर व्हायचं. म्हणजे त्यानंतर अंबादासला शोधणारं कोणी उरणार नव्हतं, आणि तो स्वतः परत येऊ शकणाऱ्यातला नव्हता.

हे सगळं बाईंनी विचारल्यावर कळलं. ती आल्या आल्या एवढंच म्हणाली होती, "माजा पोरगा येडा हाय, बाई. शिर्डीत सुटला."

"वेडा लिहीत नाही आम्ही."

"मग काय लिवायचं? हाय त्यो तसा."

कौसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मजकूर बाईंनी लिहिला आणि बाईंनीच मोठ्यानं वाचून दाखवला. नाव, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, 'प्रकृतीने नाजूक, बोलण्यात अडचण', आणि ऑफिसचा फोन. बरोबर आहे का, असंही विचारलं. कौसाबाईनं मान हलवली. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, असा त्या मानेचा अर्थ होता. त्या दिवशी बाईंनी 'म्हणजे काय?' असं काही विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. त्या शब्दाचं उत्तर काचेखाली तयार होतं.

जाहिरात छापून आली त्याच दिवशी शिर्डीच्या एका धर्मशाळेतून फोन आला. तसा एक जण आमच्याकडे आहे, फार अशक्त आहे, बोलत नाही. कौसाबाई पहिल्या एसटीनं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत काउंटरसमोर उभी राहिली तेव्हा एकटी होती. धर्मशाळेतला मुलगा क्षयानं खंगलेला, कुठल्या तरी दुसऱ्याच घरचा. तिनं त्याला दूध पाजून आणलं होतं, एवढं सांगितलं. 

"त्यो बी कुनाचा तरी हुता, बाई. पर माजा न्हाई." मग आवाज न चढवता ती म्हणाली, "तिथली मान्सं म्हनत हुती, पेपरात नाजूक लिवलंय, आमी आजारी मान्सं बघत फिरतोय. माजा अंबू उसाची मोळी एका दमात डोक्यावर घेतो. त्याला नाजूक कोन म्हनंल?"

बाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. आतून म्हस्के बाहेर आले होते. ते काही वाईट माणूस नव्हते. मदत म्हणूनच म्हणाले, बाई, सरळ वेडा टाका, दुनियेला लगेच समजेल. मालकही तेवढ्यात खाली आले होते. त्यांचंही तेच मत पडलं. यादी आपण केली आहे, एखाद्या दिवशी बाजूला ठेवायला काय हरकत आहे, बाईमाणूस रडकुंडीला आलंय. आठवडी बाजार दोन दिवसांवर होता. एका बाजूला सगळ्यांना लगेच कळणारा शब्द, दुसऱ्या बाजूला टेम्पोत बांधून आणलेला तो मुलगा. मालकांना तो मुलगा आठवत नव्हता. बाईंना आठवत होता.

"वेडा वाचून लोक शोधतील, साहेब," बाई म्हणाल्या. "सापडल्यावर काय करतील ते मी पाहिलंय."

मालक म्हणाले, मग तुमचा नाजूक चालू ठेवा.  बाईंनी काउंटरची फळी उचलली आणि कौसाबाईला आत घेऊन माझ्या खुर्चीवर बसवलं. रांग मला सांभाळायला सांगितली. पेनाचं टोपण काढलं आणि कौसाबाईला विचारलं, "तुमचा मुलगा वेडा आहे म्हणता. वेडा म्हणजे काय?"

कौसाबाईला प्रश्न कळला नाही. पाथर्डीच्या तिच्या गावात तो शब्द म्हटला की सगळ्यांना सगळं कळत असे. पंचवीस वर्षांत कोणी उलटून विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, मी त्याला ओळखत नाही असं समजा. रस्त्यात भेटला तर मला कसं कळेल हाच तुमचा अंबू?

मग ती हळूहळू सांगू लागली. मी पावत्या फाडत होते, पण कान तिकडेच होते. ज्या नावानं हाक माराल त्या नावाला तो ओ देतो, म्हणून नाव विचारून उपयोग नाही. आपण बोललेला शेवटचा शब्द परत म्हणतो, आपल्या मनानं काही बोलत नाही. हापसा दिसला की थांबतो आणि जी कोणी पाणी भरत असेल तिचा हंडा भरून देतो. मग पुढचीचा, मग त्याच्या पुढचीचा. समोरच्यानं घास घेतल्याशिवाय खात नाही. हात धरला की बसकण मारतो, मग चार माणसांना हलत नाही. न धरता पुढं चालू लागलं की मागं मागं येतो. सांगताना मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "ह्ये समदं लिवनार व्हय?"

"हेच लिहिणार. दुसरं काही नाही."

जाहिरात छोटी राहिली नाही. म्हस्क्यांनी ती मोजून मालकांना दाखवली. मालकांनी एकदा वाचली, परत वाचली आणि चौकट टाकायला सांगितली. मजकूर मला अजून येतो.

'हरवला आहे. अंबादास, वय पंचविशीच्या आसपास, उंच, अंगानं दणकट. कोणत्याही नावानं हाक मारल्यास ओ देतो. आपण म्हटलेला शेवटचा शब्द परत म्हणतो. हापशावर थांबून सर्वांचे हंडे भरून देतो. समोरचा जेवल्याशिवाय जेवत नाही. कृपया हात धरू नये, ओढू नये. आपण पुढं चालावं, तो मागं येईल.'

त्या संध्याकाळी बाई कौसाबाईला भिंगारला आपल्या घरी घेऊन गेल्या. बसस्थानकावर झोपली तर उद्या काउंटरवर डुलक्या घेईल, असं कारण त्यांनी मला दिलं.

सकाळी पेपर बाहेर पडला आणि दुपारच्या आत फोन वाजला. राहात्याकडच्या रस्त्यावरचा एक ढाबेवाला बोलत होता. फोन बाईंनी घेतला. त्याचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता. त्याच्या ढाब्यासमोर हापसा होता आणि काही दिवसांपासून एक गडी तिथं वस्तीवरच्या बायांचे हंडे भरत होता. बायांनी त्याला पैलवान नाव ठेवलं होतं आणि तो ओ देत होता. "अहो, तुमची आधीची जाहिरात बी मी वाचली व्हती," ढाबेवाला म्हणाला. "ह्याच्याच समोर बसून वाचली. पर ती नाजूक मान्साची. ह्यो गडी तर सकाळधरनं हापसा सोडंना."

बाईंनी विचारलं, जेवला का?

"आमी जेवलो की जेवतो. ते आमाला आज कळलं. दोन दिवस ताट तसंच ठिवत हुता, आमाला वाटलं माजलाय."

कौसाबाई गेली. आम्ही जाऊ शकलो नाही. शनिवारच्या अंकाचं काम होतं. दुसऱ्या दिवशी ती अंबादासला घेऊन फडावर जाण्याऐवजी आधी उलटी नगरला आली. टोळीकडे जायला तिला तेवढाच दिवस होता आणि तो तिनं एसटीत घालवला. तो दारातून वाकून आत आला, कारण आमचं दार त्याच्या उंचीला कमी पडत होतं. कौसाबाई रडलीबिडली नाही. म्हणाली, "तुमी लिवलं तसंच केलं. म्या पुढं चालले, त्यो मागं आला."

"आला," अंबादास म्हणाला.

बाईंनी त्याला नीट पाहून घेतलं. मग जाहिरातीचं कात्रण माझ्यापुढे सरकवलं. "वाच, मंगल. ज्याची आहे त्याला ऐकू दे. मोठ्यानं."

"मोठ्यानं," अंबादास म्हणाला, आणि रांग हसली. मी वाचलं. तो पूर्ण वेळ माझ्याकडे न बघता बाईंच्या खुर्चीकडे बघत होता.

ती दोघं गेल्यावर बाईंनी काच उचलली, यादीचा कागद बाहेर काढला आणि कात्रीनं मधोमध कापला. उजवा रकाना टोपलीत टाकला. मला ते पटलं नाही. यादी अर्धी ठेवण्यापेक्षा दुरुस्त करावी, 'नाजूक'च्या जागी दुसरा चांगला शब्द शोधावा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "पहिला शब्द बंद केला तेव्हा मला वाटलं, काम झालं. मी एक झाकण काढून दुसरं लावलं होतं. पेटी उघडून पाहिलीच नाही." मग डावा रकाना काचेखाली परत सरळ लावला. "इथून पुढं शब्द बंद म्हणजे बंद. त्याच्या जागी शब्द नाही. काय आहे ते विचारायचं आणि ते लिहायचं."

त्यानंतर आमच्या काउंटरवर वेळ जास्त लागू लागला. रांग कुरकुर करे. 'स्थळ पाहिजे'मध्ये 'गोरी' बंद झालं आणि त्याऐवजी काय, असं लोक विचारत तेव्हा बाई म्हणत, मुलगी काय करते ते सांगा. काही जण सांगत, काही दुसऱ्या पेपरकडे जात. मालक अधूनमधून त्यांना बोलावून घेत. परत येऊन बसताना त्या एवढंच म्हणत, "झालं ऐकून. पुढचे कोण?"

कौसाबाई पुढच्या वर्षीही आली. जाहिरात द्यायची नव्हती. टोळी निघायच्या आधी ती अंबादासला काउंटरसमोर उभा करून म्हणाली, "बाई, ह्याला बघून घ्या. औंदा दाढी ठिवलीय. लिवून ठिवा." पुन्हा हरवला तर जाहिरात तयार असावी, हा तिचा हिशेब. बाईंनी हा हिशेब एका क्षणात मान्य केला. अंबादासला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चार प्रश्न विचारले, मजकूर नव्यानं लिहिला आणि जुना फाडला. मग मला म्हणाल्या, "वाच, मंगल. मोठ्यानं." अंबादास म्हणाला, "मोठ्यानं." मी वाचलं आणि कागद खणात ठेवला.

हे दर वर्षी होत गेलं. दसरा झाला की आम्ही वाट पाहत असू. एका वर्षी कोयत्यानं पायाला लागल्याची खूण लिहिली गेली, एका वर्षी पुढचा दात. तो पुन्हा कधी हरवला नाही, आणि ते कागद कधी छापावे लागले नाहीत. मी विभागातल्या कामांची यादी करून मालकांना देत असे, त्यात हे काम मी लिहीत नसे. कुठल्या सदरात टाकावं ते कळत नव्हतं.

दशक संपता संपता बाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी गेल्या. कावीळ झाली होती, अंगावर काढली. त्यांचे भाऊ निधनाची जाहिरात घेऊन आले. 'मनमिळाऊ, परोपकारी' असं त्यात होतं. मी वाचायला सांगितलं, त्यांनी वाचलं. मनमिळाऊ म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मनमिळाऊ नव्हती, खरं सांगायचं तर. पण घरातलं कोणी बाहेर निघालं की दारात उभं करून कुठं चाललास ते वदवून घ्यायची. पोरांना राग यायचा." ते शब्द आम्ही काढले. 'छोट्या जाहिराती वाचून घेत असत' असं लिहिलं. भावांनी सही केली.

त्या वर्षी दसऱ्यानंतर कौसाबाई आली, मागं अंबादास. ती बाईंच्या खुर्चीकडे बघत होती. मी त्यांना सांगितलं. ती भिंतीजवळच्या बाकावर बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

"म्हंजी आता बाई न्हाईत," ती म्हणाली.

"न्हाईत," अंबादास म्हणाला.

मग ती उठली, कारण ट्रक संध्याकाळी निघणार होता. लिहून घ्या ताई, म्हणाली. मी लिहून घेतलं. कानावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. वजन थोडं उतरलं होतं. गावोगाव नळ आल्यामुळे हापसे कमी झाले होते आणि आता तो नळावरही थांबायचा. बाकीचं तसंच होतं. मी जुना कागद फाडला, नव्याची घडी केली आणि खण उघडला. रांगेत बरीच माणसं होती. मी पुढच्याला हात केला.

अंबादास हलला नाही. तो त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. कौसाबाई गप्प होती, मी गप्प होते, रांगेतही कोणी काही बोललं नव्हतं.

"मोठ्यानं," तो म्हणाला.

कौसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मी खण लावला, कागदाची घडी उलगडली आणि उभी राहून वाचायला सुरुवात केली.